फ्लॉपीतील मराठी आणि ड्राइव्हचा दोष

(वाचनालयाच्या शतकमहोत्सवी वर्षात झालेल्या भाषणाची संहिता)



वाचनालयाच्या शतकपूर्तीच्या निमित्ताने ग्रंथांविषयी, वाचकांविषयी आणि सीमाभागातील मराठीविषयी पुष्कळ बोलले जाते, आणि ते बोलले जावेच. परंतु जुन्या संस्थांच्या कपाटांत पुस्तकांच्या रांगेमागे आणखी एक ऐवज पडून असतो. त्याची दाखल नोंदवहीत नोंद नसते आणि वार्षिक साठा-तपासणीत तो मोजला जात नाही. हा ऐवज म्हणजे फ्लॉपी. १९८०-९० च्या दशकाच्या अखेरीस मराठी मजकूर खिळ्यांच्या केसमधून उठून संगणकाच्या पडद्यावर आला, आणि पुढील दहा-बारा वर्षे त्याचा मुक्काम या काळ्या चौकोनी पाकिटात होता. स्मरणिका, ग्रंथसूची, सभासदांच्या याद्या, कोणी हौसेने जमवलेल्या ओव्या आणि म्हणी, कोणाचा अर्धवट राहिलेला प्रबंध, असे कितीतरी त्यात गेले. जे छापले गेले ते उरले. जे छापण्याचे राहिले ते फ्लॉपीतच राहिले. अशी फ्लॉपी वाचणारा ड्राइव्हच जेव्हा बिघडलेला असतो, तेव्हा काय करावे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, एवढाच या भाषणाचा विषय आहे.

विषय यंत्राचा आहे म्हणून तो ग्रंथालयाच्या कक्षेबाहेरचा आहे असे कोणी समजू नये. वाळवी लागलेल्या पोथीचे पान कसे उलटावे हे ग्रंथपालाला ठाऊक असावे लागते. हेही तसेच एक पान आहे. मात्र ते उलटण्यासाठी बोटाऐवजी यंत्र लागते आणि यंत्राला स्वतःचे रोग असतात.

कल्पना करावी की कॅम्पातील एखाद्या जाड भिंतींच्या, कौलारू इमारतीच्या बंद खोलीत पीसी-एटी जातीचा एक जुना संगणक आणि पत्र्याच्या डब्यात पाऊणशे फ्लॉप्या सापडल्या. सापडणाऱ्याचा पहिला आवेग असा असतो की वीज जोडावी, बटण दाबावे आणि ज्या फ्लॉपीवर सर्वांत मोलाचे नाव लिहिले आहे तीच आधी आत सारावी. हा आवेग आवरणे ही दुरुस्तीची पहिली पायरी होय. कारण यंत्र दुसरे मिळते, केबल दुसरी मिळते, ड्राइव्हसुद्धा भंगारवाल्याकडे धुंडाळल्यास मिळतो. ती फ्लॉपी मात्र एकच असते. म्हणून तपासणी नेहमी कमी मोलाच्या टोकाकडून सुरू करावी. आधी वीज पाहावी, मग केबल, मग रिकामा ड्राइव्ह, मग टाकाऊ फ्लॉपी, आणि सर्वांत शेवटी खरी फ्लॉपी.

या वस्तूचा थोडा पूर्वेतिहास सांगणे अवश्य आहे. आठ इंची फ्लॉपी आयबीएमने १९७१ मध्ये आणली, सव्वापाच इंची शुगार्ट कंपनीने १९७६ मध्ये, आणि कठीण कवचाची साडेतीन इंची सोनीने १९८१ मध्ये. सोनीने जपानमधील फ्लॉपीची विक्री २०११ मध्ये थांबवली. जपानच्या सरकारी कामकाजातून तर ती २०२४ मध्ये कुठे पुरती हद्दपार झाली. आपल्याकडील संस्थांच्या कपाटांत सापडते ती बहुधा सव्वापाच इंची. तिचे दोन प्रकार. एकीत ३६० किलोबाइट मावतात, दुसरीत १.२ मेगाबाइट. आकडा लहान वाटतो. परंतु एका अक्षरखुणेस एक बाइट या जुन्या हिशेबाने आणि दोन हजार खुणांचे एक पान धरले, तर ३६० किलोबाइटच्या एका तबकडीत मराठीची सुमारे १८० पाने बसतात. म्हणजे पत्र्याच्या डब्यातील प्रत्येक फ्लॉपी हे एक मध्यम आकाराचे पुस्तक असू शकते.

आता संगणक उघडावा. वीज अद्याप जोडू नये. अनेक २८६ आणि ३८६ जातीच्या संगणकांच्या मुख्य पट्टीवर निकेल-कॅडमियमची एक छोटी बॅटरी डाख देऊन बसवलेली असते. वीस-तीस वर्षांत ती पाझरते आणि आजूबाजूचे तांब्याचे बारीक मार्ग हिरवट-निळसर होऊन कुरतडले जातात. बॅटरी मेली म्हणजे संगणकाची स्मृतीही जाते. आपल्याला कोणत्या जातीचा ड्राइव्ह जोडला आहे हेच तो विसरतो. मग पडद्यावर ड्राइव्हची तक्रार येते आणि माणूस निष्कारण ड्राइव्ह खोलून बसतो. सेटअपमध्ये ड्राइव्हची जात पुन्हा नोंदवली की अर्धे आजार इथेच बरे होतात. विजेचे दाब मल्टिमीटरने पाहून घ्यावेत. ड्राइव्हकडे जाणाऱ्या चार तारांपैकी पिवळीवर १२ व्होल्ट आणि लालीवर ५ व्होल्ट हवेत. पहिले मोटारीसाठी, दुसरे इलेक्ट्रॉनिक भागासाठी. तबकडी फिरत नाही पण दिवा लागतो, असे असेल तर पिवळ्या तारेकडे संशयाने पाहावे. याहून अधिक या ठिकाणी सांगण्यासारखे नाही.

केबलविषयी मात्र थांबून सांगितले पाहिजे, कारण इथे फ्लॉपीचा जीव जाऊ शकतो. ही ३४ तारांची चपटी पट्टी असते. तिच्या एका कडेला लाल रेघ असते आणि ती पहिल्या क्रमांकाच्या टोकाकडे यावी लागते. जुन्या ड्राइव्हवरील जोडणीच्या जागी खाच असते, तरी काही केबलींना अडवणारी पट्टी नसल्याने केबल उलटी बसू शकते. आता या ३४ तारांपैकी विषम क्रमांकाच्या सर्व तारा जमिनीला, म्हणजे शून्य दाबाला जोडलेल्या असतात, आणि सम क्रमांकाच्या तारांवरील प्रत्येक आज्ञा ही दाब शून्यावर आणूनच दिली जाते. केबल उलटी बसली की प्रत्येक आज्ञेची तार जमिनीला टेकते. अर्थात ड्राइव्हला एकाच वेळी सगळ्याच आज्ञा मिळतात: फीर, हल आणि लिही. दिवा लागतो तो विझतच नाही. अशा वेळी कोणी फ्लॉपी आत सारली तर लेखनाची आज्ञा चालूच असल्याने हेडखाली येणारा मजकूर पुसला जाऊ शकतो. संगणक चालू करताच ड्राइव्हचा दिवा लागून तसाच राहिला, तर तत्काळ वीज बंद करावी आणि केबल उलटी करून पाहावी. दहांपैकी नऊ वेळा दोष एवढाच असतो. पण तोवर फ्लॉपी आत नसली पाहिजे.

याच कारणास्तव प्रत्येक फ्लॉपीला लेखनबंदीची खूण आधी करून घ्यावी. सव्वापाच इंचीच्या कडेला चौकोनी खाच असते. ती चिकटपट्टीने झाकली की ड्राइव्ह तिच्यावर लिहीत नाही. पट्टी अपारदर्शक हवी, कारण काही ड्राइव्ह ही खाच प्रकाशकिरणाने पाहतात आणि पारदर्शक सेलोटेप त्यांना दिसतच नाही. साडेतीन इंचीचा न्याय नेमका उलटा. तिच्या कोपऱ्यातील खिडकी उघडी ठेवली म्हणजे बंदी, झाकली म्हणजे मुभा. दोन पिढ्यांच्या या परस्परविरुद्ध रीतींनी पूर्वी पुष्कळांना फसवले आहे.

एवढे झाल्यावर ड्राइव्ह रिकामाच ठेवून संगणक चालू करावा आणि कान द्यावा. निरोगी ड्राइव्ह आरंभी आपले हेड सर्वांत बाहेरच्या ट्रॅकवर, म्हणजे शून्य क्रमांकाच्या ट्रॅकवर नेतो. त्याचा एक लहानसा, ठाम आवाज येतो. हेड शून्यावर पोहोचल्याची वर्दी एक प्रकाशचक्षू देतो. त्यावर धूळ बसली तर हेड शून्यावर येऊनही ड्राइव्हला ते कळत नाही आणि तो भिंतीवर डोके आपटल्यासारखा टक् टक् टक् करत राहतो. मऊ कुंचल्याने धूळ झाडली की आवाज थांबतो. उलट, आवाजच येत नसेल किंवा ओढल्यासारखा येत असेल, तर हेड ज्या दोन सळ्यांवरून सरकते त्यांवरचे वंगण मेणासारखे घट्ट झालेले असते. जुने वंगण पुसून नवे, अगदी थेंबभर द्यावे. उद्यमबागेत लेथवर हात बसलेल्या कारागिराला हे सांगावे लागत नाही; फक्त इथे थेंब म्हणजे खरोखर थेंब, हे त्याला बजावावे.

हेड साफ करणे ज्यांनी कॅसेटचा टेपरेकॉर्डर वापरला आहे त्यांना परके नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेली, धागे न सुटणारी काडी हलक्या हाताने फिरवावी आणि पूर्ण वाळू द्यावी. वरचे हेड कागदासारख्या पातळ स्प्रिंगवर तोललेले असते. ते बोटाने उचलून डोकावण्याचा मोह अनेकांना होतो, आणि एकदा ती स्प्रिंग वाकली की त्या ड्राइव्हचा उपयोग संपला.

यानंतर टाकाऊ फ्लॉपी घ्यावी, जिच्यातील मजकूर गेला तरी कोणी हळहळणार नाही अशी. पडद्यावर इंग्रजीत जी तक्रार येते तिची शब्दयोजना नीट वाचावी, कारण तक्रारी एकसारख्या दिसल्या तरी एकच गोष्ट सांगत नाहीत. ‘नॉट रेडी’ म्हणजे फ्लॉपी आत आहे किंवा ती फिरते आहे हेच ड्राइव्हला कळलेले नाही. दार, मोटार किंवा चक्षू पाहावा. ‘जनरल फेल्युअर’ म्हणजे तबकडी फिरते आहे, परंतु तिच्यावरील रचना ओळखीची नाही. ‘सेक्टर नॉट फाउंड’ म्हणजे मजकुराच्या तुकड्याचा पत्ता सापडला नाही. ‘डेटा एरर’ म्हणजे पत्ता सापडला, मजकूरही वाचला, पण शेवटच्या बेरजेचा ताळा जमला नाही. यानंतर यंत्र विचारते की सोडून द्यावे की पुन्हा प्रयत्न करावा, आणि माणूस ‘रिट्राय’ दाबत बसतो. फ्लॉपीत हेड तबकडीला प्रत्यक्ष टेकलेले असते. प्रत्येक ‘रिट्राय’ म्हणजे त्याच जागी पुन्हा एक घासणी. टाकाऊ फ्लॉपीवर हा खेळ चालेल, खऱ्या फ्लॉपीवर नाही.

वेगाची परीक्षा करण्याची एक जुनी रीत आता विस्मरणात गेली आहे. ३६० किलोबाइटचा ड्राइव्ह मिनिटास ३०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदास पाच, १.२ मेगाबाइटचा ३६०. जुन्या, पट्ट्यावर चालणाऱ्या ड्राइव्हच्या खालच्या चाकावर काळ्या-पांढऱ्या रेघांची दोन वर्तुळे छापलेली असतात, एक ५० हर्ट्झच्या विजेसाठी आणि दुसरे ६० साठी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तांब्याच्या चोकच्या जुन्या ट्यूबलाइटखाली चाक फिरताना ५० च्या रेघा जागच्या जागी उभ्या दिसल्या तर वेग अचूक. पुढे सरकल्या तर अधिक, मागे सरकल्या तर उणा. नवे एलईडी दिवे किंवा इलेक्ट्रॉनिक चोकची ट्यूब या कामी बहुधा निरुपयोगी. कारण त्यांचा प्रकाश विजेच्या लयीत तसा लुकलुकत नाही. कॅम्पातील एखाद्या जुन्या व्हरांड्यात अजून तशी ट्यूब टिकून असेल तर ती या कामासाठी राखून ठेवण्यासारखी आहे.

एक दोष असा आहे की तो दोष आहे हेच कळत नाही, आणि म्हणून तो सर्वांत घातक. पीसी-एटी जातीच्या यंत्रात फ्लॉपी बदलली गेली ही वर्दी केबलच्या चौतिसाव्या तारेवरून जाते. ती तार तुटली किंवा ड्राइव्हवरील जोडणी चुकीची असली, तर पहिली फ्लॉपी काढून दुसरी घातली तरी संगणक पहिलीचीच अनुक्रमणिका दाखवत राहतो. पाहणाऱ्याला वाटते, दोन्ही फ्लॉप्यांवर तेच आहे. बहुधा एक प्रत असावी. एवढ्यावर थांबले तर हानी नाही. परंतु अशा स्थितीत दुसऱ्या फ्लॉपीवर काही लिहिले गेले, तर पहिलीचा नकाशा दुसरीवर बसतो आणि दुसरीतील सर्व मजकुराचे पत्ते नष्ट होतात. वाचनालयाच्या भाषेत सांगायचे तर एका दालनाची सूची दुसऱ्या दालनाच्या दारावर लावून मूळ सूची जाळून टाकल्यासारखे हे आहे. म्हणून दोन टाकाऊ फ्लॉप्या आळीपाळीने घालून दोहोंची अनुक्रमणिका वेगळी दिसते का, हे पाहिल्याशिवाय त्या यंत्रावर विश्वास ठेवू नये.

आता मुख्य मुद्द्याकडे यावे. हेड ट्रॅकच्या नेमक्या मध्यावर यावे अशी त्याची मांडणी कारखान्यात केलेली असते. ३६० किलोबाइटच्या फ्लॉपीत इंचाला ४८ ट्रॅक, म्हणजे दोन ट्रॅकमध्ये साधारण अर्ध्या मिलिमीटरचे अंतर, १.२ मेगाबाइटमध्ये इंचाला ९६, म्हणजे पाव मिलिमीटर. साडेतीन इंचीत १३५, म्हणजे मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. इतक्या सूक्ष्म अंतरात वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी हेडची मांडणी केसभर सरकते. सरकलेला ड्राइव्ह स्वतः लिहिलेले स्वतः उत्तम वाचतो, कारण लिहितानाची चूक आणि वाचतानाची चूक एकच असते. दुसऱ्याने लिहिलेले मात्र त्याला वाचता येत नाही, आणि त्याने लिहिलेले दुसऱ्याला वाचता येत नाही. एखाद्या वृद्ध कारकुनाचे मोडी हस्ताक्षर त्याच्या एकट्यालाच लागावे, तसा हा प्रकार.

याचा उलगडा करण्यास सोपी परीक्षा आहे. या ड्राइव्हवर एक टाकाऊ फ्लॉपी नव्याने आखून घ्यावी आणि दुसरी फ्लॉपी चांगल्या यंत्रावर आखून आणावी. हा ड्राइव्ह दोन्ही वाचत नसेल तर दोष हेडच्या मळात, वेगात किंवा इलेक्ट्रॉनिक भागात आहे. दोन्ही वाचत असेल तर ड्राइव्ह बरा आहे आणि दोष खऱ्या फ्लॉप्यांत शोधावा. परंतु स्वतःची वाचतो आणि परकी वाचत नाही, असे असेल तर मांडणी सरकलेली आहे. आणि नेमक्या याच क्षणी कुशल दुरुस्तीकार सर्वांत मोठे नुकसान करून बसतो. तो ड्राइव्हचा स्क्रू सैल करतो, मोजमाप घेऊन हेड योग्य जागी आणतो आणि समाधानाने हात पुसतो. ड्राइव्ह निर्दोष होतो. मात्र त्या सरकलेल्या हेडने वर्षानुवर्षे लिहिलेल्या फ्लॉप्या त्या क्षणापासून त्याला वाचता येईनाशा होतात. जगातील दुसरा कोणताही चांगला ड्राइव्ह त्या वाचत नव्हताच. जो एक वाचत होता त्याचीही दृष्टी सुधारून टाकलेली असते. म्हणून ज्या ड्राइव्हवर फ्लॉप्या लिहिल्या गेल्या तो ड्राइव्ह, त्याच्या दोषासकट, हा त्या संग्रहाचाच एक भाग समजावा. तो साफ करावा, त्याला वंगण द्यावे, पण त्याच्या मांडणीला हात लावू नये. निदान सर्व फ्लॉप्या वाचून होईपर्यंत तरी लावू नये. संगणक भंगारात देऊन केवळ फ्लॉप्या जपणाऱ्या संस्थांनी एका अर्थी कुलूप जपले आणि किल्ली विकली.

अर्थात मांडणी सरकण्यापूर्वी लिहिलेल्या फ्लॉप्याही त्याच डब्यात असतात. त्यांना चांगला ड्राइव्ह हवा. कोणती फ्लॉपी कोणत्या काळातील हे फायलींच्या तारखांवरून ओळखावे म्हणावे, तर तिथे एक गंमत आहे. आरंभीच्या पीसी आणि एक्सटी यंत्रांत बॅटरीवर चालणारे घड्याळ मुळात नसे. चालू करताच संगणक तारीख विचारी आणि काम करणारा कंटाळून एंटर दाबी. मग त्या दिवशीच्या सर्व फायलींवर १ जानेवारी १९८० ही तारीख पडे. आयबीएमचा पीसी बाजारात आला १९८१ साली. म्हणजे मराठीतील पुष्कळ मजकूर, यंत्राची साक्ष मानली तर, त्या यंत्राच्या जन्माआधीच लिहिला गेला आहे. इथे फ्लॉपीवरील कागदी चिठ्ठीच कामाला येते. ज्या ग्रंथपालाने तिच्यावर पुस्तकाप्रमाणे क्रमांक आणि दिनांक घातला असेल त्याचे उपकार मानावेत. (चिठ्ठी चिकटवल्यावर तिच्यावर बॉलपेनने दाबून लिहिले असेल तर खालच्या तबकडीवर वण उमटलेला असू शकतो, ही त्या उपकाराची दुसरी बाजू.)

बेळगावकडील फ्लॉप्यांना आणखी एक व्याधी आहे आणि ती हवामानाची देणगी आहे. जून ते सप्टेंबर कपाटातील चामडी बांधणीच्या पुस्तकांवर जी पांढरी बुरशी चढते तीच तबकडीवरही चढते. हेड जिथून टेकते त्या लांबट खिडकीतून, तबकडी हाताने हलकेच फिरवत, उजेडात तिरपे पाहिल्यास बुरशीचे ठिपके दिसतात. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालणे म्हणजे हेडवर काजळी आणि चिकटा चढवणे; मग तेच हेड पुढच्या निरोगी फ्लॉपीला ओरखडे काढते. फ्लॉपी फिरताना किंचाळल्यासारखा आवाज आला तर तिथेच थांबावे. तबकडीवरचा लेप सुटू लागल्याची ती खूण असते. बुरशी लागलेल्या सव्वापाच इंची फ्लॉपीचे पाकीट एका कडेने कापून तबकडी बाहेर काढता येते. ती सौम्य साबणाच्या पाण्याने, मग ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, दुसऱ्या स्वच्छ पाकिटात घालावी आणि वाचून होताच हेड पुन्हा पुसावे. पाण्याचे नाव काढताच लोक दचकतात. परंतु तबकडी प्लास्टिकची असते आणि त्यावरचा मजकूर चुंबकीय असतो. पाण्याने तो विरघळत नाही. बोटाचा तेलकट ठसा मात्र नको.

हे सर्व करून एकदाची फ्लॉपी वाचली गेली, अनुक्रमणिका दिसली, फाइल उघडली आणि पडद्यावर उभ्या-आडव्या रेघांचे कुंपण, काळे ठोकळे आणि मधूनच ग्रीक अक्षरे उमटली, तर फ्लॉपी बिघडली असे समजून ती टाकून देऊ नये. असा पडदा हे बहुधा दोषाचे नव्हे तर यशाचे लक्षण असते. कारण असे. कानपूरच्या आयआयटीत आर. एम. के. सिन्हा आणि मोहन तांबे यांच्या कामातून आकाराला आलेले, आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने देशभर नेलेले ‘जिस्ट’ कार्ड संगणकात बसवले की डॉसच्या पडद्यावर देवनागरी दिसे. त्यामागची क्रमांकयोजना, जिला इस्की म्हणतात, भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये आयएस १३१९४ म्हणून पक्की केली. तीत ‘क’ चा क्रमांक १७९, आणि तिथून ‘ह’ पर्यंतची सर्व व्यंजने २१६ पर्यंतच्या क्रमांकांत बसतात. आयबीएमच्या मूळ योजनेत नेमके हेच क्रमांक चौकटी आखण्याच्या रेघांना दिलेले आहेत. कार्ड नसलेल्या यंत्रावर म्हणून ‘क’ च्या जागी एक उभी रेघ उमटते. मात्रांच्या जागी ठोकळे येतात. मजकूर शाबूत असतो. केवळ त्याला देवनागरीचा चष्मा नसतो. अशा किती फ्लॉप्या ‘करप्ट’ म्हणून केराच्या टोपलीत गेल्या असतील, याचा विचार अस्वस्थ करणारा आहे.

या योजनेतील एक वैशिष्ट्य बेळगाव-निपाणीकडच्या श्रोत्यांना विशेष वाटावे. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांना इस्कीने एकच क्रमांकसंच दिला. मराठीचा ‘क’ आणि कन्नडचा ‘क’ यांचा क्रमांक फ्लॉपीवर एकच. कोणत्या लिपीत दाखवावे ही केवळ एक वेगळी खूण. जिस्टच्या यंत्रावर तोच मजकूर एका लिपीतून दुसऱ्या लिपीत क्षणात पालटून पाहता येत असे. ज्या प्रदेशात पाटीवर कोणती लिपी वर यावी यावरून दशकानुदशके वाद झाले, तिथल्या कपाटातील तबकडीवर दोन्ही लिप्या एकाच अंकाने लिहिलेल्या आहेत.

इस्कीतून आजच्या युनिकोडमध्ये येणे त्या मानाने सोपे आहे, कारण युनिकोडचा देवनागरी भाग इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवरून बेतलेला आहे. पुढच्या काळातील श्री-लिपी, आकृती अशा टंकांतील फायली मात्र अवघड. त्यांत अक्षराला नव्हे, तर अक्षराच्या आकाराच्या तुकड्याला क्रमांक दिलेला असतो, आणि प्रत्येक टंकाचा कोष्टक निराळा. रूपांतर करणारे प्रोग्राम आहेत; पण ‘दुसऱ्या’ मधला ऱ्य, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व इकार इथे ते अडखळतात. मुद्रितशोधन करणारे मराठीचे जाणते डोळे लागतातच, आणि ते वाचनालयाच्या सभासदांतच सापडतील.

फ्लॉपी वाचणे आणि मजकूर वाचणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे इतर देशांतही अनुभवाने कळले. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी १९८५ मध्ये अमिगा संगणकावर काढलेली चित्रे पिट्सबर्गच्या वॉरहॉल संग्रहालयातील फ्लॉप्यांवर पडून होती. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक मंडळातील विद्यार्थ्यांनी ती बाहेर काढल्याचे २०१४ मध्ये जाहीर झाले. त्यांनी फ्लॉप्यांतील फायली थेट चाळल्या नाहीत. क्रायोफ्लक्स नावाच्या छोट्या पट्टीच्या साहाय्याने आधी तबकडीवरील चुंबकीय खुणांची जशीच्या तशी नक्कल घेतली, आणि मग त्या नकलेवर बसून अनोळखी फायलींचा अर्थ लावला. मूळ फ्लॉपी त्या वेळी पुन्हा पेटीत गेलेली होती.

कॅम्पातील त्या पत्र्याच्या डब्यालाही हीच रीत लागू पडते. ग्रीसवीझल नावाची तशीच एक स्वस्त पट्टी आता मिळते. ती जुन्या ड्राइव्हला नव्या संगणकाशी यूएसबीने जोडते. त्यामुळे पाझरलेल्या बॅटरीचा जुना संगणक चालू करण्याची गरजच उरत नाही. जुना ड्राइव्ह तेवढा सोडवून घ्यावा, केबलची लाल रेघ पुन्हा एकदा पाहावी, आणि लेखनबंदीची पट्टी लावलेल्या फ्लॉप्या, आधी कमी मोलाच्या आणि मग अधिक मोलाच्या, अशा क्रमाने एकदाच, सावकाश, सबंध वाचून घ्याव्यात. जी फ्लॉपी त्या ड्राइव्हवर अडखळेल ती बाजूला काढून चांगल्या ड्राइव्हवर वाचून पाहावी. प्रत्येक नकलेला फ्लॉपीवरील चिठ्ठीचाच मजकूर नाव म्हणून द्यावा आणि दाखल नोंदवहीत क्रमांक घालावा. नकलेच्या तीन प्रती कराव्यात, त्यांपैकी एक वाचनालयाच्या इमारतीबाहेर ठेवावी. त्या तिन्ही उघडून पाहिल्या, डब्यातली शेवटची फ्लॉपी मोजून झाली, की मग दुरुस्तीकाराला बोलवावे आणि त्या ड्राइव्हचा स्क्रू त्याने खुशाल सैल करावा.